आधी घर, मग पोपट!

शॅमेलिऑन पाळणं म्हणजे सरडा आणणं नव्हे, घरात हवामान खातं चालवणं! अमेरिकेतल्या सहा आठवड्यांत एका सरड्यानं शिकवलेली गोष्ट...

पहाटेचे तीन वाजले होते. जेट लॅगची कृपा, त्यामुळे डोळे टक्क उघडे. आणि हॉलमधून चक्क पावसाचा आवाज येत होता! खिडकीतून बघितलं, तर बाहेर टेक्सासचं आभाळ कोरडं ठणठणीत. उठून हॉलमध्ये गेले आणि दारातच थबकले. कोपऱ्यात माझ्यापेक्षा उंच असं जाळीचं कपाट, कपाटात मनी प्लांटचं रान आणि त्या रानात बारीक तुषार पडत होते. वरच्या फांदीवर शेपटीची जिलेबी करून एक फिकट हिरवा प्राणी डोळे मिटून गाढ झोपला होता. भर पावसात!

ही माझी आणि पोपटची पहिली भेट.

पोपट हा पोपट नाही. तो शॅमेलिऑन आहे. ("कमीलियन म्हण गं," असं दादा मला दिवसातून चार वेळा करेक्ट करायचा. आपण आपलं शॅमेलिऑनच म्हणू या.) दादा म्हणजे माझा मावसभाऊ, डॅलसजवळच्या प्लेनोमध्ये राहणारा सॉफ्टवेअरवाला. गेल्या वर्षी वहिनीचं बाळंतपण होतं. मावशीला एकटीनं विमानप्रवास नको होता आणि माझं ऑफिस म्हणजे लॅपटॉप. सो, मावशी आणि डिंकाच्या लाडवांचे डबे घेऊन मी सहा आठवड्यांसाठी प्लेनोत दाखल झाले.

खरं सांगू? जाण्याआधीच माझ्या डोक्यात किडा वळवळत होता. व्हिडिओ कॉलवर दादाच्या मागे पोपट दिसायचा आणि मला वाटायचं, कसला कूल प्राणी आहे यार! पुण्यातल्या माझ्या वन-बीएचकेत कुत्रा शक्य नाही, मांजरीला घरमालक 'नको' म्हणतात. शॅमेलिऑन भुंकत नाही, फिरायला न्यावा लागत नाही, सोफा कुरतडत नाही... डेडलाइनच्या मागे धावणाऱ्या मुलीसाठी एकदम परफेक्ट! परत आल्यावर आपणही एक घ्यायचा, हे मी जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं.

त्याचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते. आधी राजाबद्दल सांगायला हवं.

राजाची काचेची पेटी

पोपट हा दादाचा दुसरा शॅमेलिऑन. पहिला राजा. त्याच्याबद्दल दादा फारसं बोलत नाही. एका रात्री पोपटचा पिंजरा पुसता पुसता स्वतःहून बोलला.

एका शनिवारी दुपारी दोघं सहज एका दुकानात शिरले. राजा दिसला, आवडला, घेतला. दुकानदारानं सोबत 'स्टार्टर किट' गळ्यात मारलं. बुटकी काचेची पेटी, तळाला लाकडाचा भुसा, पाण्याची वाटी, लाल बल्ब. सगळं तासाभरात, एका स्वाइपमध्ये! पेटी टीव्हीच्या शेजारी ठेवली. आल्यागेल्याला दाखवायला मस्त.

"त्या पेटीतली एकही वस्तू राजासाठी नव्हती," दादा म्हणाला. "सगळी आमच्यासाठी होती."

म्हणजे बघा. शॅमेलिऑनला वाटीतलं साचलेलं पाणी 'पाणी' म्हणून कळतच नाही. तो पानांवरचे थेंब चाटतो. लाल बल्बनं ऊब मिळते, पण उन्हातले अतिनील-बी किरण, म्हणजे ज्याला हे लोक 'यूव्हीबी' म्हणतात, ते मिळत नाहीत. ते नसतील तर शरीरात ड जीवनसत्त्व नीट तयार होत नाही. ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. मग शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम उपसायला लागतं. लहान मुलांना होतो त्या मुडदुसाचाच हा भाऊबंद.

सहाव्या महिन्यात राजाचे पाय धनुकलीसारखे वाकले. जबडा मऊ पडला. फांदी धरता येईना, तो पेटीच्या तळाशी बसून राहायला लागला. डॉक्टरांकडे नेला तेव्हा फार उशीर झाला होता. व्यवस्थित राखलेला नर पाच ते आठ वर्षं जगतो. राजा वर्षाचाही झाला नाही.

"रोज खायला घालत होतो गं. उपाशी नाही ठेवला," दादा म्हणाला. "तरी तो माझ्यामुळेच गेला."

यानंतर दीड वर्ष त्यानं काहीच आणलं नाही. फक्त वाचलं. आणि दुसऱ्यांदा घ्यायचं ठरवलं तेव्हा उलटीकडून सुरुवात केली. आधी पिंजरा आणला. झाडं लावली, दिवे बसवले, पाऊस जोडला. वर, मध्ये आणि खाली थर्मामीटर लावले, दमटपणा मोजायचं यंत्र लावलं. आणि चक्क दोन आठवडे तो पिंजरा रिकामा चालवला! रोज आकडे लिहायचा, दिवा दोन इंच वर, फांदी तीन इंच खाली... आकडे मनासारखे आल्यावरच पोपट घरात आला.

"आमचं घर घेताना एवढा विचार केला नव्हता यानं!" वहिनीचा शेरा.

उभा फ्लॅट

आपण घर स्क्वेअर फुटांत मोजतो. शॅमेलिऑनचं घर उंचीत मोजायचं. हा झाडावर राहणारा प्राणी. धोका वाटला की पळत नाही, वर चढतो. त्यामुळे आडवी पेटी कितीही लांबलचक असली तरी त्याच्या लेखी ती तळमजलाच! पोपटसारख्या पूर्ण वाढलेल्या नराला किमान दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच पिंजरा लागतो. शिवाय तो स्टँडवर ठेवायचा. पोपटची बसायची फांदी आपल्या नजरेच्या वर हवी. वरून खाली येणारा हात म्हणजे त्याच्यासाठी शिकारी पक्षी. तो वर आणि आपण खाली, तरच स्वारी निवांत.

आता लाखमोलाचा प्रश्न. जाळी की काच? शॅमेलिऑनवाल्यांमध्ये यावरून मिसळीइतके वाद होतात. जुनं उत्तर होतं जाळी. कारण बंद काचेच्या पेटीत हवा कोंडते, ओल सुटत नाही आणि फुप्फुसाचे आजार होतात. पण दादाच्या घरी बाराही महिने एसी नाहीतर हीटर. हवा पापडासारखी कोरडी. पूर्ण जाळीच्या पिंजऱ्यात पाऊस पाडला की पाच मिनिटांत सगळं सुकून जायचं. म्हणून त्यानं मधला मार्ग काढला. पुढे आणि छताला जाळी, बाकी तीन बाजूंना प्लॅस्टिकचे पांढरे पत्रे. ओल टिकते, हवाही खेळते. थोडक्यात, पिंजरा दुकानात बघून ठरत नाही. आपल्या घरातली हवा बघून ठरतो.

आत काय? आडव्या, तिरप्या, कमीजास्त जाडीच्या फांद्या. शॅमेलिऑनचा पाय चिमट्यासारखा असतो, एका बाजूला दोन बोटं, दुसऱ्या बाजूला तीन. त्याला पकडायला काहीतरी हवंच. तळाला भुसा नाही, माती नाही. नुसता ट्रे आणि पाणी वाहून जायला भोक. झाडं खरीच हवीत, कारण पोपटची जात (व्हेल्ड शॅमेलिऑन, मूळ गाव येमेन आणि सौदी अरेबियाचा नैऋत्य कोपरा) पानंसुद्धा खाते. प्लॅस्टिकचं पान खाल्लं तर आतडी तुंबतात. मनी प्लांट, जास्वंद, शेफ्लेरा चालतात. तीही नर्सरीतून आणून थेट आत नाही. फवारलेलं औषध जाईपर्यंत धुवायची, मग आत.

आणि हो, टीव्हीशेजारची जागा बाद! पोपटचं घर येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर, शांत कोपऱ्यात होतं.

ऊन विकत मिळतं!

पिंजऱ्याच्या छतावर दोन दिवे. एक साधा उबेचा बल्ब, पोपटला सकाळी शेकायला. दुसरी लांबलचक यूव्हीबी ट्यूब. दोन्ही जाळीच्या बाहेर, कारण आत असले की हे महाशय बल्बलाच चिकटतात आणि भाजून घेतात.

मला वाटलं, एवढा खटाटोप कशाला, खिडकीजवळ ठेवा की! पण खिडकीची काच यूव्हीबी अडवते. काचेतून येणारं ऊन म्हणजे नुसता उजेड आणि उकाडा. आणखी एक गोम म्हणजे यूव्हीबी ट्यूब म्हातारी झाली तरी दिसायला तश्शीच पेटते. उजेड असतो, किरण संपलेले असतात! म्हणून दादानं ट्यूबवर मार्करनं तारीख लिहून ठेवली होती. सहा महिने ते वर्षाच्या आत बदलायची.

रात्री मात्र सगळं बंद. लाल बल्ब नाही, निळा नाही. अंधार म्हणजे अंधार. शॅमेलिऑनला रात्री गारवाही हवा असतो.

सकाळी दिवे लागले की बघण्यासारखा सीन असायचा. पोपट अंग चपटं करून दिव्याकडे कूस वळवायचा आणि गडद होत जायचा. ऊब लवकर शोषायला! ऊब मिळाली की पुन्हा हिरवागार. आपण म्हणतो ना, 'सरड्यासारखा रंग बदलतो'? ती बिचाऱ्याची बदनामी आहे. मागच्या भिंतीशी मॅचिंग करायला तो रंग बदलत नाही. थंडी, राग, भीती, समोरचा दुसरा शॅमेलिऑन, हे सगळं तो कातडीवर लिहितो. २०१५ मध्ये जिनिव्हा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की शॅमेलिऑनच्या कातडीत अतिसूक्ष्म स्फटिक असतात आणि त्यांच्यातलं अंतर बदललं की परावर्तित होणारा रंग बदलतो. तेव्हा रंग म्हणजे ढोंग नाही, मूड आहे. मी पहिल्याच आठवड्यात पोपटला हातावर घ्यायला गेले, तर तो काळपट पडला, गळा फुगवला आणि फुसकारला. मेसेज पोचला, बॉस!

आणि मी पाऊस बंद पाडला

वहिनीला हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा दादानं घाईघाईत मला चार्ज दिला. "सगळं टायमरवर आहे. तू फक्त टाकीत पाणी बघ." पोपटचा पाऊस म्हणजे एक टाकी, छोटा पंप आणि छताला नोझल. मध्यरात्री आणि पहाटे दोन-दोन मिनिटं फवारा. दिवसा सगळं वाळू द्यायचं, कारण सतत ओलं राहिलं तर बुरशी येते.

मी रोज बघत होते. टायमरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. मी खूश! टाकीचं झाकण उघडून बघायचं, हे डोक्यातच आलं नाही. मावशी आणि मी हॉस्पिटलच्या फेऱ्यांमध्ये. चौथ्या दिवशी पोपटचे डोळे मला जरा खोल गेल्यासारखे वाटले. शॅमेलिऑनचे डोळे म्हणजे फिरते टरेट, एक पुढे बघतो तर दुसरा मागे. ते दोन्ही अर्धवट मिटलेले. भर दुपारी!

घाबरत दादाला फोन लावला. तो हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये. पहिला प्रश्न काय असेल?

"शीमधला पांढरा भाग कुठल्या रंगाचा आहे?"

तो पांढरा नव्हता. नारिंगी होता. म्हणजे अंगातलं पाणी कमी झालं होतं. झाकण उघडलं, टाकी कोरडी. पंप चार रात्री नुसता घरघरत होता आणि मी त्याला पाऊस समजून झोपत होते! फुल टू पोपट झाला होता, पण माझा.

डिस्टिल्ड वॉटर ओतलं (साध्या पाण्यातल्या क्षारांनी नोझल तुंबतात) आणि फवारा सुरू केला. पोपट आधी हललाच नाही. पाच मिनिटं गेली... सात... मग हळूच एक पाऊल टाकून तो मनी प्लांटच्या पानाशी गेला आणि थेंब चाटायला लागला. जवळजवळ वीस मिनिटं तो पाणी पीत होता आणि मी जमिनीवर बसून रडत होते. मावशी म्हणाली, "अगं, बाळाची बातमी ऐकून रडली नाहीस आणि सरड्यासाठी रडतेस?"

हो, त्याच सकाळी भाची झाली होती.

दुसऱ्या दिवशी डोळे पूर्ववत. पण तेव्हा मला 'मेंटेनन्स' या शब्दाचा अर्थ कळला. कुत्र्याला तहान लागली तर तो भांडं वाजवेल, मांजर डोकं खाईल. शॅमेलिऑन काहीही सांगत नाही. उलट, आजारपण लपवणं हाच त्याचा स्वभाव. जंगलात अशक्त दिसला तो संपला. म्हणून यंत्रावर विश्वास ठेवायचा नाही. रोज डोळे बघायचे, पकड बघायची, शी बघायची. आणि टाकीचं झाकण उघडायचं!

झुरळं आणि वहिनीच्या अटी

पोपटचा मेन्यू म्हणजे जिवंत रातकिडे आणि दुबिया नावाची झुरळं. दिवसाआड चार-पाच. त्या किड्यांनाही आधी गाजर, हिरवा पाला खायला घालायचा आणि वरून कॅल्शियमची पूड भुरभुरवायची, करंजीवर पिठीसाखर टाकतो तशी. न खाल्लेले रातकिडे रात्री पिंजऱ्यात ठेवायचे नाहीत. ते झोपलेल्या शॅमेलिऑनलाच चावतात.

वहिनीच्या तीनच अटी होत्या. झुरळांचा डबा गॅरेजमध्ये, पिंजऱ्याची एकही वस्तू किचनच्या सिंकमध्ये नाही आणि पोपटला हात लागला की साबणानं हात. ती कटकट करते असं मला वाटलं होतं. पण कारण पक्कं आहे. सरपटणारे प्राणी दिसायला ठणठणीत असले तरी त्यांच्या विष्ठेत साल्मोनेला जंतू असू शकतात. म्हणून रोजच्या रोज घाण उचलायची, ट्रे धुवायचा, फांद्या पुसायच्या आणि पिंजऱ्याचा ब्रश-बादली वेगळी ठेवायची.

आणि इथेच खरी गोष्ट सुरू झाली.

बाळ घरी आलं. बाळाच्या डॉक्टरांनी घरात प्राणी कोणते, असं विचारलं. दादानं सांगितलं. पाच वर्षांखालची मुलं असलेल्या घरात सरपटणारे प्राणी ठेवू नयेत, असा अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेचा सल्ला आहे. प्राण्याला थेट हात लावायचीही गरज नसते. जंतू हातावरून, कपड्यावरून, सिंकमधून पोचतात.

मावशीचं मत पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. "अरे, तान्ह्या बाळाच्या घरात सरडा कसला ठेवतोस?" वहिनी मात्र गप्प. दादा दोन दिवस कोणाशी बोललाच नाही. त्याला बाळ की पोपट असा प्रश्न नव्हता, उत्तर त्याला माहीत होतं. त्याला राजा आठवत होता. 'हा पण माझ्यामुळे...'

शेवटी तासाभराच्या अंतरावरचा एक अनुभवी शॅमेलिऑनवाला सापडला. तो आधीच तयार होता, "उद्या घेऊन ये" म्हणाला. दादा म्हणाला, नाही. आधी पिंजरा तयार कर. तीच उंची, तीच ट्यूब, तोच पाऊस. दोन आठवडे रिकामा चालव. मला आकडे पाठव.

पुढचे दोन आठवडे त्यांचे मेसेज चालू होते. सकाळचं तापमान, रात्रीचा दमटपणा. आमच्याकडे पोपट बेडरूमपासून दूर, दार बंद असलेल्या खोलीत. त्याचं सगळं फक्त दादा करायचा आणि मगच कपडे बदलून बाळाला घ्यायचा. मग एका रविवारी पोपट गेला. फांदी बसवलेल्या एका छोट्या, झाकलेल्या खोक्यातून. संध्याकाळी फोटो आला. नव्या पिंजऱ्यात, वरच्या फांदीवर, हिरवागार!

दादानं फोटो बघितला आणि बाळाची दुपटी घडी करायला घेतली.

मग माझ्या शॅमेलिऑनचं काय?

नाही आणला. आणणारही नाही.

एक तर कायदा. आपल्याकडचा भारतीय शॅमेलिऑन वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार संरक्षित आहे. तो पकडणं, पाळणं, विकणं गुन्हा आहे. 'फार्मवर सापडला म्हणून घरी आणला' हेसुद्धा. परदेशी जाती साइट्स या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराखाली येतात. २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची वनखात्याकडे परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. तेव्हा कोणी 'कागद नंतर करू' म्हणत डब्यातला शॅमेलिऑन दाखवला, तर सरळ नाही म्हणा.

पण माझं खरं कारण वेगळं आहे. माझ्या वन-बीएचकेत पंख्याचं ऊन-पाऊस होत नाही! लाइट गेली की दिवे बंद, मी असाइनमेंटवर गेले की टाकी कोण बघणार? मला प्राणी हवा होता, त्याचं हवामान मला सांभाळायचं नव्हतं. एवढं स्वतःशी कबूल करायला मला सहा आठवडे आणि एक कोरडी टाकी लागली.

परत आल्यावर एकदा मुळशीच्या रस्त्यावर एक भारतीय शॅमेलिऑन दिसला. थबकत, डुलत, वाऱ्यावरच्या पानासारखा पुढे-मागे होत रस्ता ओलांडत होता. मी स्कूटर आडवी लावली, मागची गाडी थांबवली. हॉर्नवर हॉर्न वाजत होते. पूर्ण तीन मिनिटं घेतली त्यानं! पलीकडच्या करवंदीच्या जाळीत शिरला, एक डोळा माझ्याकडे, एक पुढे.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात. याला कुंपण नव्हतं. मी हेल्मेट घातलं आणि निघाले.

चौकट: घर बघताना...
(कायदेशीर कागदपत्रांसह शॅमेलिऑन सांभाळणाऱ्यांसाठी, व्हेल्ड जातीचे आकडे)

• उंची : पूर्ण वाढलेल्या नरासाठी किमान २ × २ × ४ फूट. स्टँडवर, फांदी नजरेच्या वर.
• तापमान : शेकायच्या फांदीवर साधारण २९-३० अंश सेल्सिअस, बाकी पिंजऱ्यात २२ ते २६. रात्री त्याहून गार.
• दिवे : १२ तास चालू, १२ तास पूर्ण अंधार. ट्यूबवर तारीख लिहा.
• पाणी : वाटी नको, पानांवरचे थेंब हवेत. रात्री दमट, दिवसा कोरडं.
• एका पिंजऱ्यात एकच : जोडी नको, 'कंपनी' नको. दुसरा शॅमेलिऑन नुसता दिसला तरी ताण येतो.
• मादी असेल तर : नर नसतानाही ती अंडी घालते. खणायला फूटभर खोल, ओलसर वाळूचं भांडं नसेल तर अंडी पोटात अडकून जिवावर बेतू शकतं.
• आणि सगळ्यात आधी : दोन आठवडे रिकामा पिंजरा चालवून बघा. कंटाळा आला, तर उत्तर मिळालं!